तुझा एक शब्द, माझे पाच

मधुकर, दवाखान्यातून तुले बाहेर काढलं तेव्हा शववाहिनीचा ड्रायव्हर फोनवर बोलत होता. कोणाले तरी सांगत होता, "हाँ भैया, पिकअप हो गया, ड्रॉप रिसाली में है।" मी तुझ्या पायाशी उभा होतो. माझी मान आपोआप तुझ्या तोंडाकडं वळली. वाटलं, आता हा डोळे उघडून म्हणेल, ऐकलं का बे शाम्या, पिकअप म्हणे? तू काही म्हटलं नाही. तुझा शब्द कोणी एवढ्या मोठ्यानं बोलावा आणि तू गप्प राहावं, असं पहिल्यांदाच झालं. तेव्हा मले पटलं की तू गेला.

विहारात तुझं पुण्यानुमोदन झालं. लोक बोलले. कुठं जन्मला, भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये कोणत्या शॉपले होता, समाजासाठी काय काय केलं. माईक माझ्याजवळ आला तेव्हा मी तो पुढच्याकडं सरकवला. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याले भरून आलं. भरून आलंच होतं, पण त्यात दुसरंही काही होतं. सगळे तुले चांगलं म्हणून राहिले होते आणि मले ते नेहमीसारखंच बोचून राहिलं होतं. माणूस गेल्यावर तरी त्याचा हेवा सुटायले पाहिजे. माझा सुटला नाही. म्हणून तिथं बोललो नाही आणि इथं लिहून राहिलो. माझी शाळा चौथीपर्यंतची. अक्षरं मोठी येतात, चुकाही असतील. तुले माझ्या चुका काढायची हौस होती, काढ.

आपल्या बायका सख्ख्या बहिणी. थोरली कमल तुझ्या घरी आली, धाकटी विमल माझ्या. म्हणजे आपण साडभाऊ. सख्ख्या भावांमध्ये तुलना होते ती माय करते आणि कधीतरी थांबते. साडभावांची तुलना सासुरवाडी करते, ती थांबत नाही. उन्हाळ्यात गोंदियाकडं आंबे खायले गेलो की सासूबाई रस आधी तुझ्या वाटीत वाढे. तू थोरला जावई, मान तुझा, कबूल. पण दुसऱ्यांदा वाढतानाही ती तुझ्यापासूनच सुरू करे. दुसऱ्या वाढपाले कशाचा मान? हे मी विमलले तेव्हाही विचारलं होतं. ती म्हणे, तुम्ही आपल्या ताटात पहा ना, वाढणारीच्या हाताकडं कावून पाहता?

प्लांटमध्ये मात्र मी वर होतो आणि तू खाली. मी क्रेनच्या केबिनमध्ये, तू जमिनीवर. तू हूक अडकवे, हातानं सिग्नल देई आणि मी उचलत होतो. एक नवा साहेब आला होता, दक्षिणेकडचा, त्याले हिंदी धड येत नव्हती. तो तुझ्या बाजूले उभा राहून हात वर करून ओरडे, पिक अप, पिक अप. मले वर त्याचं काही ऐकू येत नव्हतं. मी फक्त तुझं बोट पाहत होतो. त्या दिवशी लोखंड मी उचललं आणि शब्द तू उचलला.

संध्याकाळी आपण सगळे तुझ्या क्वार्टरमध्ये जेवलो. जेवण झालं आणि तू कमलबाईले म्हटलं, "कमल, एवढं ताट पिकअप कर." बाई थांबल्या, तुझ्याकडं पाहिलं आणि हसल्या. माझी विमल तर एवढी हसली की हातातलं वरण सांडलं. लग्न झाल्यापासून माझ्या कोणत्याच बोलण्यावर ती अशी हसली नव्हती. त्या सांडलेल्या वरणापासून हे सगळं सुरू झालं, मधुकर. तुले वाटत असेल दुसऱ्या कशानं झालं.

मग तू तो शब्द कुठं कुठं घेऊन फिरला. स्कूटर आणली तर पहिल्याच दिवशी मले मागं बसवून पुलाच्या चढावर नेलं आणि म्हणे, पिकअप पाह्य कसा घेते. तीच स्कूटर म्हातारी झाली तेव्हा म्हणे, पिकअप गेला तिचा. घरात फोन लागला तर दोन घरं सोडून राहणाऱ्याले ओरडून विचारे, पिकअप कावून नाही केला? कोणी टायफॉइडमधून उठला तर, करून राहिला पिकअप आता. बाजारातल्या भाजीवाल्या बायांशी तू छत्तीसगढी बोले, शेजारच्या आंध्रावाल्यांशी तेलुगू बोले. कुठून शिकला रे, असं विचारलं की म्हणे, शिकलो नाही, पिकअप केलं.

हे मले सगळ्यात जास्त लागलं. तू म्हटलं होतं, "शिकायले शाळा लागते शाम्या. पिकअप करायले काही लागत नाही, कान उघडे पाहिजे फक्त." तुले वाटलं तू मले धीर देऊन राहिला. पण मी तर जन्मभर सांगत आलो होतो की शाळा सुटली म्हणून मले येत नाही. पाठ टेकायले तेवढी एक भिंत होती माझी. तू ती हसत हसत काढून घेतली. दहावी पास माणसानं चौथीवाल्याले सांगावं की शाळेची गरजच नाही, तर ऐकणाऱ्यानं काय करावं? मी ठरवलं की हा शब्द तोंडात घ्यायचा नाही. अजून घेतला नाही. इथं लिहून राहिलो ते तुझं बोलणं सांगायचं म्हणून. हातानं लिहिलं, तोंडानं नाही.

तुले हे समजलं होतं. म्हणून तर रविवारच्या चहाले तू मले मुद्दाम छेडे. पाय पसरून बसे आणि मास्तरासारखा विचारे.

"फोन वाजला तर?"

"उचलायचा."

"गाडीत काय पाहिजे?"

"जोर."

"आजारी माणूस?"

"सावरला."

"भाषा?"

"यायले लागली."

"अन् पोरगी रेल्वेनं आली, तर स्टेशनवरून?"

"आणायची."

"पाह्य. तुले पाच लागले. माह्या एका शब्दात भागलं."

"माह्याजवळ पाच आहेत म्हणून काढतो. तुह्याजवळ एकच आहे, तोच घासून राहिला."

विमल आतून म्हणे, चहा थंडा होऊन राहिला, तो कोण पिकअप करन? आणि तू जिंकल्यासारखा हसे. पण तो वाद तू जिंकला नाही, हे लिहून ठेवतो. एकाच पान्यानं सगळे बोल्ट खोलणारा मिस्त्री मी पाहिला आहे. खोलते तो, पण प्रत्येक बोल्टाच्या कडा खाऊन ठेवते. तुझा शब्द तसा होता. माणूस सावरते आणि स्कूटर चढ चढते, या दोन गोष्टी एक नाहीत.

खरं भांडण मात्र त्या पाचव्या शब्दाचं होतं. आणायची.

सुजाता माझी एकुलती एक. तुले मूलबाळ नाही. तू तिच्यावर जीव लावला, त्याले मी कधी हरकत घेतली नाही, कोणत्या तोंडानं घेणार? ती नागपूरले होस्टेलमध्ये राहायले गेली आणि पहिल्या सुट्टीत घरी आली तेव्हा मी सकाळच्या शिफ्टमध्ये होतो. तू स्कूटर घेऊन दुर्ग स्टेशनले गेला. बरोबर केलं. पण पुढच्या सुट्टीले मी घरीच होतो आणि तिनं फोन तुले केला. मी म्हटलं, बाई, मी येतो ना. ती म्हणे, "बाबा, तुमच्या सायकलवर मी बसू की बॅग?" मग ती पुण्याले नोकरीले लागली, तू कार घेतली, आपण रिटायर झालो, तू रिसालीले घर बांधलं, मी मरोद्यात राहिलो, आणि तो रिवाजच होऊन बसला. सुजाता येणार म्हणजे मावसाजी पिकअपले जाणार. तिचा फोन पहिले तुले, मग विमलले. मले विमल सांगे.

दुर्ग ते मरोदा, तेवढा रस्ता तुझा होता. मधात कुठंतरी तुम्ही थांबत, पोहा आणि जलेबी खात. इकडं विमलनं पाटोडीचा रस्सा करून ठेवलेला राहे आणि पोरगी म्हणे, आई, पोट भरलं. पण रश्श्याचं मले काही नाही. मले बोचे ते हे की घरात पाय ठेवे तोवर तिचं बोलून झालेलं राहे. मी विचारत होतो, कशी आहेस बाई? बरी आहे बाबा. नोकरी? चांगली आहे. बस, एवढंच. आणि तू समोर बसून चहा पीत राहे. तुले तिच्या साहेबाचं नाव माहीत, घरमालकीण किती कटकट करते ते माहीत, मधात ताप येऊन गेला तेही माहीत. बोलणं तू ऐकलं आणि माझ्या वाट्याले गाळ आला. तिनं आपल्या मनानं मुलगा पसंत केला, ते तुले त्या रस्त्यावर समजलं. मले तू सांगितलं. माझ्या पोरीचं लग्न ठरल्याचं माझ्या साडभावानं मले सांगितलं, आणि वरून म्हणे, रागावू नको, मुलगा चांगला आहे. मुलगा चांगलाच आहे. मी कुठं नाही म्हटलं?

एकदा तू म्हटलं होतं, चल ना, दोघंही जाऊ. मी म्हटलं, तुझ्या गाडीत मागं बसून माझ्या पोरीले आणायले मी काय पाहुणा आहो? त्यानंतर तू विचारलं नाही. विचारायले पाहिजे होतं, मधुकर. मी अजून दोन-चार वेळा नाही म्हटलं असतं आणि मग आलो असतो. तुले सगळ्या गोष्टी कान उघडे ठेवून समजत, ही कशी समजली नाही?

त्या भिलाई-३ वाल्यांची गोष्ट तू एवढ्या लग्नांमध्ये सांगितली की आता लोकांना ती तुझीच वाटते. ती माझी आहे. म्हणून एकदा मी सांगतो. सुजाता तेव्हा कॉलेजात होती. भिलाई-३ च्या एका रेल्वेवाल्याच्या मुलाचं स्थळ आलं होतं. माणसं आपलीच, पण घरात बोलणं सगळं हिंदी. ते पाहायले येणार त्या दिवशी नागपूरची गाडी लेट झाली. मुलाच्या बापाचा फोन आला, लड़की पहुँची क्या? तू तिले घेऊन स्टेशनवरून निघाला होता. मले तेवढंच सांगायचं होतं. तुझा शब्द माझ्या दातापर्यंत आला, मी तो गिळला आणि घाईत आपला 'उचलायचा' हिंदीत नेला.

म्हटलं, "चिंता मत करो, मधुकर ने लड़की को स्टेशन से उठा लिया है।"

मग त्यानं विचारलं, "किसने उठा लिया?"

म्हटलं, "मधुकर ने। हमेशा वही उठाता है।"

फोन कटला. तुम्ही घरी पोचायच्या आधी मुलाचा बाप पोचला, मिठाई नाही, सोबत ओळखीचा पोलीस. विमल दारातच रडायले लागली, तिले वाटलं स्कूटर पडली. तेवढ्यात तू आला. मागं सुजाता, तिच्या हातात जलेबीचा कागद. माझ्या 'उठा लिया'चा अर्थ त्यानं पोरगी पळवली असा घेतला होता, हा उलगडा झाला आणि तू तिथंच पायरीवर बसून हसला, पोट धरून. सुजाता हसली, कमलबाई हसल्या, तो पोलीसही हसला. ते स्थळ पुढं जमलं नाही, ते दुसऱ्या कारणानं. विमल अजून म्हणते, तुमच्या उठाण्यानं मोडलं. मी म्हणतो, एक शब्द ऐकून जो पोलीस आणते त्याच्या घरी पोरगी न गेली तेच बरं. पण ते राहू दे. पुढं प्रत्येक कार्यात तू माझा आवाज काढून "हमेशा वही उठाता है" म्हणे आणि मांडव हसे. बोललो मी आणि हशा तुझ्या नावावर. माझं तेवढं एक वाक्य लोकांच्या लक्षात राहील असं होतं, तेही तू पिकअप केलं.

आता एक दुसरी गोष्ट. ही तू कोणत्याच मांडवात सांगितली नाही. आपण क्वार्टरमध्ये होतो तेव्हाची. विमलले पोटात एवढं दुखलं की ती बाथरूमजवळ पडली. मी शिफ्टमध्ये, केबिनमध्ये. तू सुट्टीवर होता. आमचं घर वरच्या मजल्यावर. तू तिले दोन्ही हातांवर घेऊन जिना उतरला, रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. कमलबाई सांगतात की जिन्यात तुझं डोकं भिंतीले आपटलं, तरी तू तिले खाली ठेवलं नाही. शिफ्ट सुटली तेव्हा तू गेटवर उभा होता. कपाळावर टेंगूळ. तू म्हटलं, "विमलले दवाखान्यात आणलं. बरी आहे. घाबरू नको." त्या दिवशी तू तो शब्द बोलला नाही. आणलं म्हटलं. माझ्या शब्दात बोलला.

आभार मी मानले नाही. साडभावाचे कोणी मानते का? आणि खरं सांगू, त्या जिन्याचाही मले हेवा वाटला. एवढं लोखंड मी उचललं जन्मभर, लोक खालून मान वर करून पाहत, आणि माझी बायको जिन्यावरून उतरवायची वेळ आली तेव्हा हात तुझे होते. विमल बरी झाली. तू नसता तर झाली नसती, डॉक्टरानं मले तसं तोंडावर सांगितलं. हे मी कोणालेच सांगितलं नाही. आज लिहिलं. यापेक्षा जास्त माझ्याकडून होणार नाही.

शेवटी तू दवाखान्यात होता तेव्हा मी येऊन बसत होतो. तू बारीक झाला होता. नाकात नळी. एका दुपारी कमलबाई खाली औषध आणायले गेल्या आणि आपण दोघंच राहिलो. तू म्हटलं, "शाम्या, पिकअप नाही घेऊन राहिलो बे आता." मी सवयीनं म्हटलं, "मराठीत बोल." तू माझ्याकडं मान वळवली. मग म्हटलं, "सावरत नाही आता."

एवढ्या वर्षांनी तू माझा शब्द घेतला, आणि मले तो तुझ्या तोंडातून परत काढून घ्यावा वाटला. मी म्हटलं, थकला आहेस, बोलू नको. मले म्हणायचं होतं, तुझाच बोल बे, तुझाच बरा आहे. तेवढ्यात कमलबाई आल्या.

सुजाता विमानानं रायपूरले आली आणि तिथून टॅक्सीनं सरळ रिसालीले तुझ्या घरी गेली. आम्ही तिथंच होतो. ती आत आली, तुझ्याजवळ बसली आणि जी रडली, ते मी पाहू शकलो नाही. तिले धरायले कमलबाई होत्या, विमल होती. मी दाराजवळ उभा राहिलो. मनात काय आलं ते सांगतो, तुझ्यापासून काय लपवायचं. मनात आलं, मी गेलो तर ही एवढी रडेल का? बापानं असा विचार करू नये. पण आला.

पुण्यानुमोदन झालं, ती परत जायले निघाली. रेल्वेनं जाणार होती. मोबाइलवर टॅक्सी बोलावली आणि मी न विचारता पुढच्या सीटवर जाऊन बसलो. ती मागं बॅग घेऊन. सगळ्या रस्त्यानं ती खिडकीबाहेर पाहत होती. पोह्याच्या ठेल्याजवळून गाडी गेली तेव्हा तिनं मान फिरवली. तो रस्ता तिचा आणि तुझा, मी त्यावर तिच्यासोबत पहिल्यांदा निघालो होतो.

स्टेशन जवळ आलं तेव्हा ती बोलली. "बाबा, अब से मी टॅक्सीनंच येईन. मले घ्यायले कोणी येऊ नका."

समजलं मले. प्लांटमध्ये एखादा रिटायर झाला की कधी कधी त्याच्या जागेवर दुसरा माणूस घेत नाहीत, ती जागाच बंद करतात. ज्या जागेवर नजर ठेवून मी इतकी वर्षं जळलो, ती रिकामी झाली नाही, मधुकर. ती तुझ्यासोबत गेली. आणि ती बंद करणारी माझीच पोरगी. त्या वेळी मले तुझा जेवढा हेवा वाटला तेवढा तू जिवंत असताना वाटला नव्हता.

मी मागं वळलो नाही. समोर पाहूनच म्हटलं, "टॅक्सीनं ये. मी आणायले येईन."

"बाबा, टॅक्सी राहील तर तुम्ही कशाले?"

"टॅक्सी टॅक्सीच्या जागी. मी स्टेशनवर उभा राहीन. तुले बोलायचं नसेल तर बोलू नको. मी पुढं बसीन असाच."

ड्रायव्हरनं गाडी बाजूले लावली. मी बॅग उतरवून घेतली. ती तिनं माझ्या हातातून घेतली नाही, मीच आत नेली. गाडी लागलेली होती. डब्यात चढल्यावर ती दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, "येजा मग. पण लवकर येऊन उभे राहू नका बाबा, गाडी लेट राहते. आधी फोन करून विचारत जा, मी सांगत जाईन कुठवर आली ते."

हे ती तुलेही म्हणत होती का रे? म्हणत असेल तर मले सांगू नको.